गवताला रकाना नाही

सदतीस वर्षं मी जमीन मोजली. सरकारी कागदात आम्हाला भूकरमापक म्हणतात, लोक मोजणीवाला म्हणतात, आणि मोजणीवाला बाई निघाली की काय म्हणावं हे न सुचून 'मोजणीच्या मॅडम' म्हणतात. वऱ्हाडातल्या ज्या तालुक्यात मी निवृत्त झाले त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण मला अजून तिथल्याच बाजारात भाजी आणायला जायचं असतं. एवढं सांगते की भावाभावांच्या भांडणात कोर्टापुढं माझा नकाशा आला की दोन्ही वकील गप्प बसायचे. उज्ज्वला दातकरची मोजणी वीतभर चुकत नाही, असं लोक म्हणत. मीही म्हणायची. जरा जास्तच म्हणायची.

निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले. मी घरातल्या खोल्या मोजल्या, कॉलनीचा रस्ता मोजला, शेजाऱ्यांच्या कुंपणानं आमची नऊ इंच जागा खाल्लीय हे सिद्ध करून शेजार तोडला. शेवटी ऑकलंडहून सुट्टीला आलेल्या आमच्या रेणूनं हात जोडले आणि मला 'जित्राब' लावून दिलं. म्हणाली, आई, इथं हवी तेवढी जमीन आहे, कुणाशी न भांडता मोज.

'जित्राब' हा प्राणिसंग्रहालय बांधायचा खेळ. खरी प्राणिसंग्रहालयं बंद पडत चालली होती, त्यामुळे अर्धी दुनिया हा खेळ खेळत होती. डोळ्यांवर चष्मा चढवला की समोर मोकळी जमीन. तिच्यावर टेकड्या उठवा, पाणी सोडा, झाडं लावा, एखादं जनावर मागून घ्या आणि त्याला करमेल असं आवार बांधा. जगभरची माणसं ते बघायला येतात आणि नैसर्गिक दिसलं तर गुण देतात. साठीची बाई चष्मा लावून अंगणात हातवारे करत फिरते म्हणून कॉलनीत थोडी चर्चा झाली, पण मला चर्चेची सवय आहे.

आता यातलं जनावर म्हणजे चित्रातलं बाहुलं नव्हे. ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पोरखेळ वाटेल. खऱ्या जंगलातल्या एका खऱ्या जनावराच्या पाठीवर नखाएवढं यंत्र बसवतात. अंगाची प्रत्येक हालचाल ते सेकंदाला वीस वेळा टिपतं, आणि एक इवला कॅमेरा जनावराला जे दिसतं ते टिपतो. असं दोन-तीन वर्षं चालतं. मग संगणक ती कोट्यवधी टिपणं चाळून एकच गोष्ट शिकतो: समोर असं असलं की हे जनावर पुढं काय करतं. गवत एवढं उंच, वारा असा, सावली तशी, तर मान वळवेल की पळेल की बसेल. याला स्वभावप्रत म्हणतात. तिला जीव नसतो, भूक नसते, पण स्वभाव शंभर टक्के त्या एका जनावराचा. खेळातल्या वाघाला तुम्ही फसवू शकत नाही, कारण आपण खेळात आहोत हे त्याला ठाऊकच नसतं.

शोध चांगलाच होता. पण आपल्याकडं चांगल्या गोष्टीची वाट लागायला वेळ लागत नाही. स्वभावप्रती निघाल्यावर चारच वर्षांत कायद्यात एक ओळ शिरली. एखाद्या जनावराची प्रत सरकारी भांडारात जमा असली, तर त्याचं रान दुसऱ्या कामाला द्यायला हरकत नाही. फाइलवर शिक्का पडायचा, 'स्वभावप्रत जतन', आणि पुढच्या आठवड्यात तिथं बुलडोझर उभा राहायचा.

मी मागून घेतला तणमोर.

हा कोंबडीएवढा पक्षी. एरवी मातीच्या रंगाचा, पण पावसाळ्यात नर काळाभोर होतो आणि त्याच्या डोक्यामागं बारीक पिसांचे तुरे फुटतात. मग तो गवतातून सरळ वर उडी घेतो, माणसाच्या डोक्याएवढी. वरच्या वर पंख फडफडवून खुळखुळ्यासारखा आवाज काढतो आणि परत गवतात बुडतो. दिवसातून चारशे-पाचशे वेळा. गवतात कुठंतरी दडलेल्या मादीला आपण दिसावं, एवढ्यासाठी.

'जित्राब'मध्ये तणमोराची एकच प्रत होती आणि तिचं नाव नर सात. तो आमच्याच तालुक्यातला. पक्षी हलका, म्हणून त्याच्या यंत्रात ठिकाण सांगणारी चकती घातली नव्हती, त्यामुळे यंत्र बसवून सोडल्यावर तो नेमका कुठं राहायचा हे संशोधकांनाही माहीत नव्हतं. तीन पावसाळ्यांनंतर यंत्र बंद पडलं. आणि हा नर सात खेळात जगभर कुणाच्याच आवारात उडी मारायला तयार नव्हता. जपानी लोकांनी त्याला बांबूचं बन दिलं, जर्मनांनी ओढा दिला, कुणी धबधबा दिला. गुण भरपूर मिळाले. नर सात आपला कोपऱ्यात उभा.

मला हसू आलं. अरे बाबांनो, त्याला जंगल नको, त्याला माळ पाहिजे. आणि कुठला माळ तेही मला ठाऊक होतं, गट नंबर एकशे बारा. कारण हिंमतभाऊंनी मला चोवीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

हिंमत पवार हे माळाच्या कडेला असलेल्या पारधी बेड्यावरचे, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचे. त्यांच्या वाडवडिलांनी तणमोरांना फासे लावले आणि हिंमतभाऊंनी तरुणपणी फासे टाकून देऊन त्याच पक्ष्यांची राखण धरली. आमच्या मोजणीत ते साखळीचं दुसरं टोक धरायचे. उन्हातान्हात दोन माणसं साखळीच्या दोन टोकांना चार-चार महिने असली की आपोआप सोयरीक जुळते. ते मला उजाबाई म्हणायचे. दर वर्षी म्हणायचे, उजाबाई, श्रावणात या एकशे बारावर, तणमोर उडताना दाखवतो. मी दर वर्षी म्हणायची, पुढच्या श्रावणात नक्की.

मी कधीच गेले नाही. आणि नऊ वर्षांपूर्वी एकशे दहा आणि एकशे अकरा या शेजारच्या गटांवर सौर विजेचे पत्रे आले तेव्हापासून हिंमतभाऊंनी माझ्याशी बोलणं टाकलं. बाजारात दिसले तर रस्ता बदलायचे. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.

असो. मी घराच्या पोटमाळ्यावरच्या पेटीतून जुन्या मोजणीच्या वह्या काढल्या आणि एकशे बारा बांधायला घेतला. हद्दीचे दगड होते तिथं ठेवले. वहीत लिहिलं होतं, सपाट, खडकाळ. तसंच केलं. झाडं सगळी उपटली. वर कुसळी, पवन्या, मारवेल असं आमच्याकडचं गवत पेरलं. झाड नाही, पाणी नाही. गुण झाले शून्य, आणि आवाराच्या दारावर खेळानं आपोआप पाटी लावली: 'पोटखराबा'.

हा शब्द खेळात आमच्याच दफ्तरातून गेला होता. सातबाऱ्यावर जमिनीचे जे प्रकार असतात तेच त्यांनी मराठीसाठी उचलले होते. ज्या तुकड्यात पीक येत नाही तो पोटखराबा. खडक, नाला, माळ, सगळं त्यात. आयुष्यभर मी हा शब्द हजारो वेळा लिहिला असेल आणि एकदाही नीट वाचला नसेल.

मला गुणांशी कर्तव्य नव्हतं. मला तो उडताना बघायचा होता. एवढं एकच राहिलं होतं माझं बघायचं.

तो उडाला नाही. रोज दुपारी जेवण उरकून मी चष्मा लावायची आणि आवाराच्या कडेला बसायची. नर सात गवतातून हळूहळू चालत बरोबर मधोमध यायचा, मान उंच करायचा, चारही दिशांना बघायचा आणि मान खाली घालायचा. कोपऱ्यात जाऊन बसत नव्हता, एवढाच काय तो फरक. मी गवत दोन बोटं वाढवलं, दोन बोटं कापलं, वारा बदलला, ढग आणले. तो रोज मधोमध यायचा आणि मान वर करून थांबायचा. आपली वस्तू ठेवल्या जागी सापडली नाही की माणूस जसा घुटमळतो, तसा. चाळीस दिवस असे गेले. मी त्याच्याशी बोलायला लागले होते. काय राहिलंय रे राजा, सांग ना मला.

याच दिवसांत एकाच आठवड्यात दोन कागद आले. पहिला 'जित्राब'मधून, तणमोराचं आवार बांधणाऱ्या सगळ्यांना. पाठवणाऱ्या डॉ. नीरजा मोघे या तणमोरांच्या पैदास केंद्रात काम करायच्या. त्यांनी लिहिलं होतं की यंत्रात अंडं उबवून वाढवलेली एक मादी त्यांच्याकडे आहे, तिचा नंबर अठरा. तिनं अजून नर बघितलेला नाही, आभाळही जाळीतूनच बघितलंय. नर सात जिथं उडेल तसली खरी जागा कुणी दाखवली, तर यंदाच्या श्रावणात तिला तिथं सोडता येईल. जागा नाही मिळाली तर ती जाळीतच राहील, आणि पुढच्या वर्षीपर्यंत ती टिकेल याची खात्री देता येत नाही.

दुसरा कागद वर्तमानपत्रात. गट नंबर एकशे बारा, पोटखराबा, सौर प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला द्यायचा आहे. तणमोराची स्वभावप्रत जतन आहे. कुणाची हरकत असल्यास पुढच्या गुरुवारी तहसिलात हजर राहावं.

मी ते वर्तमानपत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं, 'जित्राब'चे नवा-जुना असे दोन्ही चष्मे रुमालात गुंडाळले आणि बेड्यावर गेले.

हिंमतभाऊ ओट्यावर दोरी वळत बसले होते. केस पांढरे झालेले, हाताला तोच चपळपणा. त्यांनी मला ओळखलं, पण वर बघितलं नाही. सून पाणी घेऊन आली, त्यांनी तिला खुणेनंच मला बसायला टाकायला सांगितलं. मी आडवळणं घेत बसले नाही. म्हटलं, हिंमतभाऊ, तुमचा तणमोर माझ्याकडं आहे आणि तो उडत नाहीये. आणि चष्मा पुढं केला.

बराच वेळ त्यांनी तो हातात नुसता धरला. मग डोळ्यांवर चढवला आणि अंगणात उभे राहिले. चालायला लागले ते माझ्यासारखे नाही. पाऊल आधी बोटांवर टेकवून, गवत मोडू नये असं. अंगणात गवत नव्हतंच, पण त्यांना ते दिसत होतं. मीही माझा जुना चष्मा लावून त्यांच्या मागं आत गेले. ते हद्दीच्या दगडांवरून गेले, हात लावल्यासारखं केलं, मान डोलावली. मधोमध आले आणि थांबले. नर सात त्यांच्यापासून चार पावलांवर मान वर करून उभा होता. दोघंही एकाच रिकाम्या जागेकडे बघत होते.

"इथं टेकाड होतं," हिंमतभाऊ म्हणाले.

मी म्हटलं, माझ्या वहीत सपाट लिहिलंय.

त्यांनी चष्मा काढला. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तुमी इथं आल्याच नव्हत्या, मॅडम. मी होतो ना संगं."

आता लपवायचं काय राहिलं? चोवीस वर्षांपूर्वीचा मे महिना होता तो. एकशे दहा झाला, एकशे अकरा झाला, दुपारचे दोन वाजले होते आणि माझ्या टाचेला फोड आला होता. चारची एसटी गाठायची होती. हिंमतभाऊ म्हणाले, उजाबाई, चला एकशे बारावर, तणमोराची जागा दाखवतो, पक्षी आता नसला तरी जागा तर बघा. मी वैतागले. म्हटलं, तिथं काय बघायचं, गवतच ना? गवताला माझ्या फॉर्मात रकाना नाही. आणि हद्दीवरच्या बाभळीखाली बसून मागच्या पिढीतल्या कुणीतरी केलेल्या कागदावरून एकशे बारा उतरवून काढला. सपाट, खडकाळ, पोटखराबा. खाली माझी सही. पंच म्हणून हिंमतभाऊंचा अंगठा घेतला. वाचून दाखवलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, कारण मी उजाबाई होते.

पुढं ड्रोन आले. त्यांनी हद्दी नव्यानं घेतल्या, पण आतला तपशील जुन्याच कागदावरून उचलला. शेऱ्याच्या जागेत गवती रान अशी नोंद असती तर गावसभेच्या संमतीशिवाय तिथं पत्रा लागला नसता. पोटखराब्याला कोण विचारतो? बेड्यावरचे लोक पहिल्या टप्प्याच्या वेळी हरकत घ्यायला तहसिलात गेले, तेव्हा साहेबानं सबंध माळाची फाइल उघडून हिंमतभाऊंना त्यांचाच अंगठा दाखवला. तुम्हीच तर लिहून दिलंय की तिथं काही नाही.

मला हे सगळं ठाऊक होतं. पण कागदावर आपलं वळणदार अक्षर असलं की माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि चोवीस वर्षांत मीही ठेवला. माणसाला फसवता आलं, सरकारला फसवता आलं. त्या पाखराच्या प्रतीला मात्र खोटी जमीन पायाखाली आल्याबरोबर कळली.

मला माफी मागायची होती. ती मागता आली नाही. मी त्यांच्या ओट्यावर बसून रडले, सुनेसमोर, नातवंडांसमोर. हिंमतभाऊंनी रडू दिलं. मग दोरी बाजूला ठेवून म्हणाले, पाखरू खोळंबून रायलं तिथं, चला.

तीन दुपारी आम्ही ते टेकाड बसवलं. हिंमतभाऊंना फूट-इंच येत नाहीत. टेकाड किती उंच, तर उभ्या म्हशीच्या पाठीएवढं. वरचं गवत पोटरीपर्यंत, खालचं गुडघ्याच्या वर. उगवतीकडं उतार सावकाश, मावळतीकडं एकदम. ते अंगणात वाकून हातानं दाखवायचे आणि मी खेळात तेवढी माती उचलायची. मला वाटलं होतं पाच फुटांच्या उंचवट्यानं काय होतंय. पण हिशेब मांडून बघितला. सपाट जमिनीवर गुडघाभर गवतातून पक्षी उडाला, तर गवतात बसलेल्या मादीला तो फार तर शंभर पावलांवरून दिसतो. त्याच पक्ष्याला पाच फुटांवर चढवा, तो जवळपास दुप्पट लांबून दिसतो, म्हणजे चौपट रानातून. नर सात रोज मधोमध येऊन मान वर करून तेच शोधत होता. इथून मी कुणाला दिसेन का?

तिसऱ्या दुपारी तो गवतातून आला, थबकला, उतारावरून टेकाडावर चढला. तुरे मागं पडले. आणि उडाला.

काय सांगू. काळा, पांढरा, ती फडफड, आणि परत गवतात. मी अंगणात मटकन बसले. तो पुन्हा उडाला. पुन्हा. जगात कुणालाच जमलं नव्हतं ते आमच्या बेड्यावरच्या अंगणात झालं होतं आणि माझ्या आवाराबाहेर देशोदेशीचे बघे जमायला लागले होते. मी हसत हिंमतभाऊंकडे वळले तर त्यांनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला होता.

"कोनासाठी उडून रायला हा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की मादीसाठी. खेळात मादी कुठाय, त्यांनी विचारलं. खेळात मादी नव्हती. रानातली मादी कधी कुणाच्या हाती लागलीच नाही, म्हणून तिची प्रतही नाही. हिंमतभाऊ परत दोरी वळायला लागले. मी परत चष्म्यातून बघितलं. तो उडत होता, खाली येत होता, मान वर करून बघत होता, परत उडत होता. दिवसाला पाचशे वेळा, आणि उद्या पाचशे वेळा, वीज असेपर्यंत. आधी उडत नव्हता तेच बरं होतं असं मला वाटलं.

तिथूनच मी डॉ. नीरजाला फोन लावला. म्हटलं, जागा खरी आहे, पण गुरुवारी जातेय. तिनं विचारलं, कागदावर काय आहे? मी म्हटलं, माझं खोटं आहे. तिनं तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाली, मॅडम, ते तुम्हीच सांगितलं तरच काही होईल.

गुरुवारी तहसिलात सुनावणीला बसला होता श्रीकृष्ण उगले. माझ्याच हाताखाली साखळी धरायला शिकलेला, आता अधिकारी. त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर माझा एक नकाशा अजून चौकटीत होता, नव्या लोकांनी मोजणी अशी करावी म्हणून. प्रकल्पाचे साहेब आले होते, बेड्यावरची वीसेक माणसं होती, आणि गावातले बरेच जण नुसते बघायला. ज्यांच्या घरांच्या भिंती माझ्या नकाशांवर उभ्या आहेत असे लोक.

साहेबांनी शांतपणे सांगितलं की पक्ष्याची प्रत भांडारात सुखरूप आहे, नुकसान कुणाचंच नाही. मी म्हटलं, मग प्रतीलाच विचारू. दोन्ही आवारं भिंतीवर दाखवली. कागदावरच्या एकशे बारात नर सात मान वर करून उभा राहिला. हिंमतभाऊंच्या एकशे बारात तो उडाला. बघायला आलेले लोक पुढं सरकले. साहेब म्हणाले, हा तर खेळ आहे, दफ्तरात सपाट खडक लिहिलाय. आणि ते बरोबरच होतं. दफ्तर दफ्तर असतं.

तेव्हा मी उठले. टेबलापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, ती नोंद माझी आहे आणि ती चुकीची आहे. श्रीकृष्णानं लेखणी थांबवली आणि हळू आवाजात मला वाट करून दिली. त्याला माझी लाज राखायची होती.

"मॅडम, 'नजरचुकीनं नोंद झाली' असं लिहू का?"

एवढंच म्हटलं असतं तर निभावलं असतं. चौकट भिंतीवर राहिली असती. मी हिंमतभाऊंकडे बघितलं. ते खाली जमिनीकडे बघत होते.

"नजर चुकायला आधी नजर जावी लागते," मी म्हटलं. "मी त्या दिवशी एकशे बारात पाऊल टाकलं नाही. बाभळीखाली बसून लिहिलं. आणि ज्यांचा अंगठा घेतला त्यांना वाचून दाखवलं नाही. असंच लिही."

त्यानं तसंच लिहिलं. जबाबाखाली पंच म्हणून हिंमतभाऊंचा अंगठा घ्यायचा होता. या वेळी कागद मी हातात घेतला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, सगळ्यांदेखत.

फेरमोजणीचा हुकूम झाला आणि तोवर माळाला हात लावायचा नाही असं ठरलं. फेरमोजणीत मी गेले. टाच आता कायमची दुखते, तरी गेले. साखळीचं एक टोक मी धरलं, दुसरं हिंमतभाऊंनी. टेकाडाची उंची निघाली चार फूट अकरा इंच. म्हशीची पाठ एका इंचानं चुकली होती. नव्या फॉर्ममध्येही गवताला रकाना नाहीच. श्रीकृष्णानं शेऱ्याच्या जागेत हातानं लिहिलं, 'गवत आहे.'

चौकट भिंतीवरून उतरली. बाजारात लोक कुजबुजतात. गावातल्या तीन घरांनी माझे जुने नकाशे परत तपासायला टाकलेत. टाकू देत, ते बरोबर आहेत. पण आता हे मी म्हणून कुणी ऐकत नाही, आणि त्याचा त्रास होतो. होतो म्हणजे होतो.

श्रावणात नीरजानं अठरा नंबरच्या मादीला माळावर आणलं. पेटीचं दार उघडलं तर ती बराच वेळ बाहेरच येईना. मग आली, दोन पावलं टाकली आणि गवतात दिसेनाशी झाली. तिच्या पाठीवर ठिकाण सांगणारं नवं हलकं यंत्र होतं, ती जिवंत आहे एवढं नीरजाला कळत होतं. नर सात अजून आहे की नाही हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं यंत्र बंद पडून चार वर्षं झाली होती, आणि दुसरा नरही दोन पावसाळ्यांत कुणी पाहिलेला नव्हता.

तेव्हापासून मी रोज सकाळी माळावर जाते. हिंमतभाऊ आधीच आलेले असतात. त्याच बाभळीखाली आम्ही बसतो, टेकाड समोर ठेवून. चष्मा घरी टेबलावर पडलाय. त्यात तो उडत असेल. बंद करायला हात होत नाही आणि बघवतही नाही.

अकराव्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. मी मांडीवर वही घेऊन, आता सवयच ती, कुठल्या बाजूचं गवत किती वाढलं ते लिहीत होते. हिंमतभाऊंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"उजाबाई. उडाला."

मी मान वर केली. टेकाडावर गवत हलत होतं. वाऱ्यानंही हललं असेल. खुळखुळा मला ऐकू आला नाही, माझे कान आता तेवढे राहिले नाहीत. मला गवताशिवाय काहीच दिसलं नाही.

पण आम्हा दोघांत हिंमतभाऊ कधी खोटं बोलले नाहीत, खोटं लिहिलं ते मी. मी वही मिटून बाजूला ठेवली. दिवसातून पाचशे वेळा उडतो तो. मी टेकाडाकडे बघत बसले.